नवी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिताय? उद्दिष्टे ठरवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतलेले विद्यार्थी आणि हौशी प्रोग्रामर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतून ही यादी जमली आहे. कोड कसा लिहावा हा इथला विषय नाही. पहिली ओळ लिहिण्याआधी काय ठरवावे आणि ते न ठरवल्यास पुढे कुठे अडते, एवढेच इथे आहे. एकाच मुद्द्याचे दोन प्रश्न असतील तर उत्तर एकदाच दिले आहे आणि दुसरीकडे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. उद्दिष्टांत नक्की काय लिहायचं? "वेगवान, सुरक्षित आणि वापरायला सोपी" एवढं पुरेसं नाही का?

नाही. या तीन शब्दांच्या जोरावर एकही निर्णय घेता येत नाही. उद्दिष्ट लिहून झाले की त्याच्या उलट वाक्य करून पाहा. "आमची सिस्टीम हळू चालेल" असे कोणी लिहिणार नाही, म्हणजे "वेगवान" ही नुसती इच्छा झाली. "एका वेळी एकच वापरकर्ता, परवानग्यांची व्यवस्था नाही" याच्या उलट वाक्य मात्र विचारी माणूसही लिहू शकतो. म्हणून ते उद्दिष्ट.

प्रत्येक उद्दिष्टात चार गोष्टी याव्यात: कोणासाठी, कोणत्या यंत्रावर, कशाने मोजणार आणि त्यापायी काय सोडणार. मग "सुरक्षित" या शब्दाचे असे काहीतरी होते: "फोटो दाखवणारा प्रोग्राम त्याच्या हाती दिलेल्या फाइलीखेरीज दुसरी कोणतीही फाइल उघडू शकणार नाही, ती फाइल त्याच वापरकर्त्याची असली तरी. त्यापायी युनिक्सचे जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालणार नाहीत, हे मान्य." शेवटचे वाक्य लिहिताना हात अडखळतो, पण सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच होतो.

२. लिनक्स फुकट आहे, चालतं आहे. मग नवी सिस्टीम लिहायचीच कशाला?

आम्हांला तीन कारणे पटतात. पहिले, शिकणे, यात कमीपणा काही नाही. दुसरे, लिनक्सच्या आकाराच्या कोडबद्दल जी हमी देता येत नाही ती देणे. एसईएल-४ या कर्नलची (कर्नल म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टीमचा गाभा) अचूकता गणिती पद्धतीने सिद्ध करता आली ती तो लहान असल्यामुळेच (प्रश्न १० पाहा). तिसरे, मुळातला एखादा निर्णय वेगळा घ्यायचा असणे. बेल लॅब्सच्या प्लॅन नाइनमध्ये दूरच्या यंत्रावरची साधनेही फाइलींसारखी वापरायची होती. गूगलच्या फ्युशियात प्रत्येक प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) फक्त हाती दिलेल्या हँडलांपुरता (एखादी वस्तू वापरण्याच्या परवान्यांपुरता) अधिकार ठेवायचा होता. असे निर्णय वरून चिकटवता येत नाहीत.

डेस्कटॉप आवडत नाही, इन्स्टॉलेशन किचकट आहे, मराठी फॉन्ट नीट दिसत नाही, ही कारणे नव्या कर्नलसाठी चालत नाहीत. ती कामे आहे त्या कर्नलवर होतात.

३. सी-डॅकची बॉस किंवा भारओएस या नव्या ऑपरेटिंग सिस्टीम म्हणायच्या का?

या पानावर ज्या अर्थाने "नवी" म्हटले आहे त्या अर्थाने नाही. बॉस हे डेबियनवर आधारलेले लिनक्सचे वितरण (तोच कर्नल, त्यावर निवडून बांधलेले प्रोग्राम) आहे आणि भारओएस अँड्रॉइडच्या खुल्या सोर्सवर उभी आहे. दोन्हींच्या तळाशी लिनक्स कर्नलच आहे. भारतीय भाषा, पॅकेजची निवड, अपडेट कोणाकडून यायचे यावरचा ताबा, ही उद्दिष्टे वितरणाच्या पातळीवर उत्तम साधतात. तुमची तीन उद्दिष्टे कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे विचारा, हे कर्नलला हात न लावता होईल का? तिन्हींना "हो" आले, तर वितरण करा. त्याचा उपयोग जास्त लोकांना आणि लवकर होईल.

४. उद्दिष्टे किती असावीत?

तीन, आणि तीही क्रमाने. त्यांच्याखाली "आम्ही हे करणार नाही" अशी यादी, जी उद्दिष्टांपेक्षा लांब असली तरी चालेल.

क्रम का लागतो ते इतिहासात दिसते. १९६५ च्या सुमारास एमआयटी, बेल लॅब्स आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मल्टिक्स हाती घेतली. शेकडो लोकांना एकाच वेळी विजेसारखी अखंड सेवा, कडक सुरक्षा, फाइल आणि मेमरी यांचे एकत्रीकरण, सगळेच त्यात हवे होते. बेल लॅब्स १९६९ मध्ये बाहेर पडली. त्याच वर्षी केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ या जुन्या, छोट्या यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली आणि डेनिस रिची त्यात सामील झाले. मल्टिक्समधली झाडासारखी फाइल रचना आणि वेगळा शेल (आज्ञा घेऊन त्या चालवणारा प्रोग्राम) त्यांनी घेतला आणि बाकी बरेच सोडून दिले. मल्टिक्स पूर्ण झाली आणि पुढे अनेक वर्षे वापरातही होती, हेही सांगायला हवे. पण पुढे जास्त लोकांच्या हाती गेली ती लहान उद्दिष्टांची सिस्टीम.

उद्दिष्टे वाढत गेली की काय होते याची दोन मोठी उदाहरणे आहेत. ॲपलने कोपलंड या नव्या सिस्टीमचे काम १९९४ मध्ये हाती घेतले, १९९६ मध्ये रद्द केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टने लाँगहॉर्न या पुढच्या विंडोजचे काम २००४ मध्ये नव्याने मांडले आणि विनएफएस ही बहुचर्चित साठवण व्यवस्था त्यातून काढली. दोन्हीकडे माणसे हुशार होती आणि पैसाही होता. पण काही सोडून द्यायची वेळ आली तेव्हा आधी काय सोडायचे हे ठरलेले नव्हते.

५. सुरुवात कोणत्या यंत्रावर करू? माझ्या लॅपटॉपवर चालली पाहिजे असं वाटतं.

लॅपटॉप हे पहिले लक्ष्य ठेवू नका. तिथे यूएसबी, एसीपीआय (वीज आणि उपकरणे सांभाळण्याची पद्धत), ग्राफिक्स आणि वायफाय यांतच वर्ष जाते आणि तुमच्या कल्पनेला हात लागत नाही. शिवाय एक्स८६ चे (बहुतेक पीसींतल्या इंटेल-एएमडी प्रोसेसरांच्या कुळाचे) जुने ओझे आहे. जुन्या बायोस पद्धतीने बूट केले तर प्रोसेसर १६ बिटच्या मोडमध्ये उठतो आणि ६४ बिटपर्यंत त्याला टप्प्याटप्प्याने न्यावे लागते. वाटेत चूक झाली की ट्रिपल फॉल्ट (लागोपाठ तिसरी, न सावरता येणारी चूक) होऊन यंत्र काहीही न सांगता पुन्हा सुरू होते. एक्स८६ च हवे असेल तर यूईएफआयने (बायोसनंतरच्या नव्या पद्धतीने) बूट करा, म्हणजे हा प्रवास वाचतो.

आमची शिफारस: क्यूइमू एम्युलेटरचे (सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचे) "व्हर्ट" नावाचे रिस्क-फाइव्ह (खुल्या प्रोसेसर-रचनेचे) यंत्र, १२८ मेगाबाइट रॅम, सुरुवातीला एकच कोअर. रॅम हेक्झाडेसिमल ८००००००० पासून सुरू होते आणि सिरियल पोर्ट १००००००० वर असतो. त्या पत्त्यावर एक बाइट लिहिली की अक्षर पडद्यावर उमटते. ओपनएसबीआय हे फर्मवेअर वापरले तर कर्नल ८०२००००० वर ठेवावा लागतो. लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोड मेमरीत कुठे बसेल ते सांगणाऱ्या फाइलीत) जुना पत्ता राहिला की पडदा कोरा, आणि "काहीच होत नाही" म्हणून येणाऱ्या प्रश्नांत हे कारण बऱ्याचदा निघते. दुसरी दोन कारणे म्हणजे सी कोडमध्ये शिरण्याआधी स्टॅक पॉइंटर न लावणे आणि बीएसएस विभाग (सुरुवातीची किंमत न दिलेल्या व्हेरिएबलांची जागा) शून्य न करणे.

एम्युलेटरवर चालले म्हणजे बोर्डावर चालेलच असे नाही. पेज टेबलमधल्या (प्रोग्रामचे पत्ते खऱ्या मेमरीशी जोडणाऱ्या तक्त्यातल्या) "वापरले" आणि "बदलले" या दोन बिटांचेच पाहा. क्यूइमू साधारणपणे ते स्वतः लावतो, पण काही खऱ्या चिप तसे न करता पेज फॉल्ट देतात. मॅपिंग करतानाच ते बिट लावून टाकले की प्रश्न मिटतो. मेमरीच्या क्रमाचे कुंपण किंवा पेज टेबल बदलल्यावरची टीएलबीची (त्या टेबलाच्या प्रोसेसरमधल्या कॅशची) सफाई विसरली तर ती चूकही एम्युलेटरवर अनेकदा झाकली जाते. आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सी-डॅकचे वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्हच आहेत, त्यामुळे पुढे बोर्डावर जायचे असेल तर ही वाट मोकळी राहते. मात्र आधी त्या चिपमध्ये एमएमयू (पेज टेबल वापरून पत्ते बदलणारा भाग) आहे का ते बघा, लहान मायक्रोकंट्रोलरमध्ये तो नसतो.

६. मायक्रोकर्नल की मोनोलिथिक?

मोनोलिथिकमध्ये ड्रायव्हर, फाइल सिस्टीम सगळे कर्नलमध्येच असते, मायक्रोकर्नलमध्ये ते वेगळ्या प्रोसेस म्हणून बाहेर असते. उद्दिष्टे लिहिण्याआधी या प्रश्नाचे उत्तर शोधू नका, कारण ते उद्दिष्टांतूनच येते. ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) कोसळला तरी बाकी सिस्टीम चालू राहिली पाहिजे, हे पहिल्या तीनांत असेल तर ड्रायव्हर कर्नलबाहेर जाणार आणि मायक्रोकर्नल आला. मिनिक्स ३ मध्ये (२००५) अशा मेलेल्या ड्रायव्हरला पुन्हा उभे करणारी वेगळी प्रोसेसच आहे. एका माणसाने सहा महिन्यांत शेल आणि फाइल सिस्टीम चालवून दाखवायची असेल, तर मोनोलिथिक.

"मायक्रोकर्नल हळू असतो" हे वाक्य १९८० च्या दशकातल्या माक या कर्नलच्या अनुभवातून आले आहे. ४८६ प्रोसेसरवर माकमध्ये एक छोटा निरोप दुसऱ्या प्रोसेसला पोचायला शंभराहून जास्त मायक्रोसेकंद लागत. योखेन लिट्के यांनी १९९३ मध्ये तेच काम सुमारे पाच मायक्रोसेकंदांत करून दाखवले. छोटा निरोप रजिस्टरमधूनच पाठवणे, पाठवणाऱ्याकडून थेट घेणाऱ्याकडे उडी मारणे आणि कर्नलचा कोड कॅशमध्ये मावेल इतका लहान ठेवणे, हे त्यामागचे उपाय. संकल्पना तीच होती, फरक बांधणीत पडला.

जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्सचे लेखक अँड्र्यू टॅननबॉम आणि लिनक्सचे लेखक लिनस टॉरवल्ड्स यांच्यात याच प्रश्नावर झालेला वाद अजूनही उगाळला जातो. तो कोण जिंकले या नजरेने वाचू नका. टॅननबॉम यांना शिकवण्याजोगी, सुटसुटीत रचना हवी होती. टॉरवल्ड्स यांना आपल्या ३८६ वर आज चालणारी सिस्टीम हवी होती. दोघांची उत्तरे आपापल्या उद्दिष्टाला धरूनच होती.

७. सी वापरू की रस्ट?

मेमरीच्या चुका टाळणे तुमच्या पहिल्या तीनांत असेल तर रस्ट. रेडॉक्स ही सिस्टीम २०१५ पासून रस्टमध्ये लिहिली जात आहे आणि लिनक्सनेही ६.१ आवृत्तीपासून रस्टला जागा दिली. पेज टेबल, इंटरप्टची (उपकरणाने प्रोसेसरला दिलेल्या हाकेची) सुरुवात आणि डीएमए (उपकरणाने प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वापरणे) इथे "अनसेफ", म्हणजे कंपायलरची तपासणी बाजूला ठेवलेला कोड, लिहावाच लागतो. तो भाग एकत्र आणि लहान ठेवा, नाहीतर फायदा उरत नाही. डेडलॉकपासून (दोघे एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत अडकण्यापासून) मात्र रस्ट वाचवत नाही. सी निवडली तर वाचायला मिळणारा जुना कोड भरपूर आहे, आणि शिकणाऱ्याला ही मोठी सोय वाटते.

८. वेगाचं उद्दिष्ट आकड्यात कसं मांडायचं?

सरासरी लिहू नका, सर्वांत वाईट वेळ लिहा. आणि ती कुठून आली ते वापरावरून काढा.

आवाजाचे उदाहरण घेऊ. ध्वनी सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी वाजतो. बफर २५६ नमुन्यांचा असेल तर तो ५.३३ मिलिसेकंदांत रिकामा होतो. तेवढ्यात पुढचा बफर भरणाऱ्या प्रोग्रामला प्रोसेसर मिळाला नाही की कानाला "टक्" ऐकू येते. आता तुमच्या शेड्युलरचा (कोणत्या प्रोसेसने कधी धावायचे ते ठरवणाऱ्या भागाचा) टिक १० मिलिसेकंदांचा असेल आणि झोपलेली प्रोसेस टिकवरच जागी होत असेल, तर हे उद्दिष्ट जन्मतःच मेले. कितीही वेगवान प्रोसेसर आणा. एकतर इंटरप्ट आल्या आल्या त्या प्रोसेसला धावायला द्या, नाहीतर बफर वाढवा आणि उशीर वाढला हे लिहून ठेवा. पडद्याचे गणितही असेच: सेकंदाला ६० चित्रे म्हणजे एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद.

मोजताना यंत्रावर दुसरा भार ठेवूनच मोजा. डिस्कवर सलग लिहिणारा एक प्रोग्राम आणि प्रोसेसर खाणारा एक, असे दोन मागे चालू ठेवा. रिकाम्या यंत्रावरचे आकडे काहीच सांगत नाहीत.

९. मग रिअल टाइम सिस्टीमला वेगळं काय लागतं?

प्रश्न ८ मधला आकडा तिथे चुकवता येत नाही, एवढाच मूळ फरक. पण त्यापायी कर्नलमधले प्रत्येक कुलूप तपासावे लागते. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागले. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या खालच्या प्राधान्याच्या टास्कने एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप) धरला होता. बस सांभाळणारा वरच्या प्राधान्याचा टास्क त्यासाठी थांबला. दरम्यान मधल्या प्राधान्याचे काम पुढे घुसले आणि खालच्या टास्कला कुलूप सोडायची संधीच मिळेना. वॉचडॉगला (काम अडकले तर यंत्र रीसेट करणाऱ्या टाइमरला) वाटले, सगळे अडकले. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स या सिस्टीममध्ये प्राधान्याचा वारसा (कुलूप धरणाऱ्याला थांबलेल्याचे प्राधान्य तात्पुरते) देण्याची सोय होती, पण त्या म्युटेक्ससाठी ती बंद होती. पृथ्वीवरून ती चालू केली आणि यान सावरले. तुमच्या सिस्टीममध्ये ही सोय मुळातच चालू ठेवा. बंद करायची तर ज्याला करायची त्याला कारण लिहायला लावा.

१०. एसईएल-४ सिद्ध झालेला आहे म्हणतात. म्हणजे त्यात बग असूच शकत नाही?

सिद्धता २००९ मध्ये पूर्ण झाली. कर्नल सुमारे ८,७०० ओळी सी आणि ६०० ओळी असेंब्लीचा, आणि त्यासाठी लिहिलेला पुरावा सुमारे दोन लाख ओळींचा. सी कोड त्याच्या विनिर्देशाप्रमाणेच वागतो एवढे त्यातून सिद्ध झाले. पण गृहीतके होती: कंपायलर बरोबर, हार्डवेअर बरोबर, असेंब्ली आणि बूटचा कोड बरोबर. एआरएमसाठी कंपायलरचे गृहीतक पुढे काढता आले. डीएमए करणारे उपकरण मेमरीत कुठेही लिहू शकत असेल तर सिद्धता त्याला अडवू शकत नाही, तिथे आयओएमएमयू (उपकरणाला ठरलेल्या मेमरीपुरते रोखणारे हार्डवेअर) हवा. स्पेक्टरसारखे वेळ मोजून गुपित काढणारे हल्ले तर तिच्या कक्षेबाहेरच.

तुमच्या उद्दिष्टांत "सिद्ध केलेली" हा शब्द यायचा असेल तर शेजारी गृहीतकांची यादी असू द्या. आणि कर्नल दहा हजार ओळींच्या आत ठेवण्याची तयारी ठेवा.

११. सुरक्षेसाठी वापरकर्ते आणि परवानग्या पुरेशा नाहीत का?

अनेक लोक एकच यंत्र वापरत होते तेव्हा एका माणसापासून दुसऱ्याला वाचवायचे होते, आणि युनिक्सची परवानगी-व्यवस्था त्यासाठीच आहे. आज यंत्र एकाचे असते आणि धोका त्याने स्वतःच चालवलेल्या प्रोग्रामकडून येतो. तो प्रोग्राम त्याच्या सगळ्या अधिकारांनिशी धावतो.

दुसरी वाट केपेबिलिटीची. प्रोसेसला जगातल्या फाइलींची नावे घेता येत नाहीत, फक्त हाती आलेली हँडल वापरता येतात. फ्युशियाचा झिरकॉन हा कर्नल आणि एसईएल-४ याच वाटेने जातात. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. दिलेले हँडल परत काढून घेणे अवघड असते, कारण ते पुढे कोणाकोणाला गेले याचा हिशेब ठेवावा लागतो. आणि नाव घेऊन फाइल उघडणारे सगळे जुने प्रोग्राम बदलावे लागतात. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टीमने कॅप्सिकम या सोयीतून मधला रस्ता काढला. प्रोग्राम आधी हवे ते उघडून घेतो आणि मग स्वतःहून कोंडून घेतो. जुने प्रोग्राम हवेच असतील तर हा मार्ग पाहा.

१२. लाइट गेली तर फाइली वाचल्या पाहिजेत. हे उद्दिष्ट नेमकं कसं लिहू आणि तपासू कसं?

उद्दिष्टाचे दोन भाग करा. एक, लाइट कधीही गेली तरी फाइल सिस्टीमची रचना शाबूत. दोन, प्रोग्रामने "सिंक" (मजकूर आत्ता डिस्कवर पोचव) मागितले आणि सिस्टीमने "झाले" म्हटले, तर तो मजकूर नक्की डिस्कवर. सिंक न मागितलेल्या मजकुराची हमी देऊ नका. ती दिली तर प्रत्येक लिहिण्यासाठी डिस्कची वाट पाहावी लागेल.

जर्नलचा (बदल करण्याआधी लिहिल्या जाणाऱ्या नोंदवहीचा) क्रम पाळण्यातच सगळे आहे. आधी बदल जर्नलमध्ये, मग डिस्कला फ्लशचा (कॅशमधले खरोखर लिहून टाकण्याचा) आदेश, मग पक्केपणाची नोंद, पुन्हा फ्लश, आणि त्यानंतरच मूळ जागी. फ्लश वगळला तर डिस्कची आतली कॅश क्रम उलटापालटा करते आणि पक्केपणाची नोंद पोचूनही बदल पोचलेले नसतात. शिवाय ४०९६ बाइटांचा ब्लॉक ५१२ बाइटांच्या सेक्टरवर अर्धाच लिहिला जाऊ शकतो. म्हणून नोंदीत चेकसम (मजकूर पूर्ण आहे का ते ताडणारा आकडा) हवा.

तपासताना बहुतेक जण क्यूइमूची प्रोसेस मारतात आणि पुन्हा चालू करून पाहतात. त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही, कारण क्यूइमूने लिहिलेले होस्टच्या (क्यूइमू ज्यावर चालतो त्या यंत्राच्या) मेमरीत तसेच राहते आणि नंतर डिस्कवर जाते. खरी चाचणी अशी: ब्लॉक ड्रायव्हरखाली प्रत्येक लिखाण आणि प्रत्येक फ्लश क्रमाने नोंदवा. मग दर फ्लशनंतरच्या लिखाणांपैकी काही घेऊन, काही गाळून, नव्या डिस्क-प्रतिमा बनवा. प्रत्येक प्रतिमा माउंट करा आणि वरच्या दोन अटी तपासा. हजारो प्रतिमा एका रात्रीत तपासून होतात आणि पहिल्याच रात्री बग सापडतात.

एक अपवाद ध्यानात ठेवा. जुनी फाइल बदलताना नव्या नावाने लिहून मग नाव बदलायचे, ही प्रोग्रामरांची सवय आहे, आणि बरेच जण मधला सिंक विसरतात. एक्स्ट४ ही लिनक्सची फाइल सिस्टीम नवी होती तेव्हा २००९ मध्ये अशा प्रोग्रामांच्या फाइली लाइट गेल्यावर शून्य बाइटांच्या निघाल्या. नियमाने चूक प्रोग्रामची होती. तरीही एक्स्ट४ ने नाव बदलताना मजकूर आधी पोचवण्याची सोय केली. तुम्हीही करा. लोकांचा मजकूर वाचणे नियमापेक्षा मोठे.

१३. मराठी पहिल्यापासून नीट चालावी यासाठी कर्नलमध्ये काय करावं लागेल?

कर्नलमध्ये फार थोडे, पण तेवढे चुकले तर नंतर सुधारत नाही. जोडाक्षरे रचणे, फॉन्ट आणि कीबोर्डचे मराठी आराखडे हे सगळे कर्नलबाहेर ठेवा. कर्नलच्या आणीबाणीच्या संदेशासाठी ८ बाय १६ चौकटीचा फॉन्ट असतो. त्यात देवनागरी बसवायचा हट्ट धरू नका.

कर्नलला ठरवायच्या असतात त्या फाइलींच्या नावांच्या तीन गोष्टी. पहिली लांबी. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडची चिन्हे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. "महाराष्ट्र" डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, पण त्यात १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. एक्स्ट४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची, म्हणजे तिथे २५५ चिन्हे मावतात. म्हणून विंडोजवरचे लांबलचक शासन निर्णयाचे नाव लिनक्सवर कॉपी होत नाही. नव्या सिस्टीममध्ये मर्यादा १०२३ बाइट ठेवायला काहीच हरकत नाही. आणि नाव लांब असेल तर चूक कळवा, परस्पर कापू नका, कारण चिन्हाच्या मधोमध कापले गेले की ते यूटीएफ-८ राहत नाही.

दुसरी समानता. "दऱ्या" मधला ऱ एकाच चिन्हाने (यू+०९३१) लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. युनिकोडच्या नियमाने दोन्ही सारखे, पण बाइट वेगळे. तेव्हा एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन फाइली राहू शकतात आणि शोधणाऱ्याला भलतीच मिळते. आमचे मत: लिहिल्याप्रमाणे जतन करा, तुलना करताना मात्र प्रमाणित रूपे जुळवा. गंमत अशी की र, हलन्त आणि शून्यरुंद जोडक वापरून केलेला तिसरा प्रकार प्रमाणित करूनही जुळत नाही. तो कीबोर्डच्या पातळीवरच टाळावा लागतो.

तिसरी गोष्ट क्रमवारी. ती कर्नलमध्ये करूच नका. ळ, क्ष आणि ज्ञ कुठे यावेत ते भाषेनुसार बदलते, म्हणून ते लायब्ररीचे काम.

१४. वेळ कसा साठवावा?

१९७० पासूनचे नॅनोसेकंद, ६४ बिट, चिन्हासह. हे २२६२ पर्यंत पुरतात. ३२ बिटमधले सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळाने सकाळी ८:४४:०७ नंतर संपतात. कर्नलमध्ये फक्त यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). टाइम झोनचा फरक तासांत साठवणारा कोड भारतात पहिल्याच दिवशी चुकतो (आपला साडेपाच तास, नेपाळचा पावणेसहा), म्हणून तो निदान मिनिटांत असू द्या. आणि टाइमरसाठी कधीही मागे न जाणारे वेगळे घड्याळ ठेवा.

१५. पॉझिक्स पाळावं का? पाळलं नाही तर प्रोग्राम कुठून आणायचे?

पॉझिक्स म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टीमने प्रोग्रामांना काय पुरवावे याचे प्रमाण. प्रोग्राम हवे असतील तर पाळा, पण कर्नलमध्येच पाळले पाहिजे असे नाही. न्यूलिब ही सी लायब्ररी वीसेक फंक्शनांवर उभी राहते. ती फंक्शने तुमच्या स्वतःच्या सिस्टीम कॉलवर (प्रोग्रामने कर्नलकडे करायच्या मागण्यांवर) लिहिली की बरेच छोटे प्रोग्राम कंपाइल होऊ लागतात.

सगळ्यांत मोठा अडसर "फोर्क"चा, म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत काढणाऱ्या कॉलचा. छोट्या पीडीपी यंत्रावर तो सुटसुटीत होता. आज प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असतात आणि फोर्क केल्यावर मुलात (नव्या प्रतीत) फक्त एकच येतो. दुसऱ्या थ्रेडने त्या क्षणी मेमरी वाटपाचे कुलूप धरले असेल तर मुलात ते कायमचे बंद राहते. शिवाय ४ जीबीच्या प्रोसेसने फोर्क केला की कर्नलला आणखी ४ जीबीचे वचन द्यावे लागते, आणि नसलेली मेमरी देऊ करण्याची सवय तिथूनच लागते. नव्या सिस्टीममध्ये "नवी प्रोसेस बनव, तिला ही हँडल दे, मग सुरू कर" असे तीन कॉल ठेवा आणि फोर्क वगळला हे "करणार नाही" यादीत लिहा. पारंपरिक शेल जसाच्या तसा मिळणार नाही, ही त्याची किंमत.

१६. ड्रायव्हर लिनक्समधून उचलले तर?

लिनक्सचा परवाना जीपीएल आवृत्ती २ आहे. ड्रायव्हर उचलून तुमच्या कर्नलमध्ये मिसळला तर तुमचा कर्नलही त्याच परवान्याखाली द्यावा लागेल, हे आधी ठरवा. तांत्रिक अडचण याहून मोठी. लिनक्सच्या आतले इंटरफेस स्थिर ठेवण्याचे वचन कोणी दिलेले नाही, त्यामुळे उचललेला ड्रायव्हर दर काही महिन्यांनी पुन्हा जुळवत बसावे लागते. सुरुवातीला फक्त व्हर्टिओचे (एम्युलेटरमधल्या आभासी उपकरणांच्या प्रमाणाचे) ड्रायव्हर लिहा: डिस्क, नेटवर्क, बस्स. रांगांची रचना दोन्ही उपकरणांत सारखी असल्यामुळे पहिला ड्रायव्हर नीट झाला की दुसरा लवकर होतो.

१७. बी.ई.चा प्रकल्प आहे, दोन सेमिस्टर, चार जण. काय झेपेल?

पहिल्या सेमिस्टरला याच क्रमाने: सिरियलवर अक्षर, ट्रॅप (चूक किंवा इंटरप्ट आल्यावर कर्नलमध्ये उडी) आणि टाइमर, पेज टेबल, यूजर मोड, पाच सिस्टीम कॉल, दोन प्रोसेस आलटून पालटून. रिस्क-फाइव्हच्या एसव्ही३९ पद्धतीत तीन पातळ्यांचे टेबल असते, प्रत्येकात ५१२ नोंदी. तिथे आठवडे जातील हे गृहीत धरा. एमआयटीचा एक्सव्ही६ (शिकवण्यासाठीची छोटी सिस्टीम) शेजारी उघडा ठेवा, पण कॉपी करू नका.

दुसऱ्या सेमिस्टरला फक्त एक वेगळे उद्दिष्ट निवडा: प्रश्न १२ मधली लाइट जाण्याची चाचणी, किंवा ड्रायव्हर मारून पुन्हा उठवणे, किंवा प्रश्न ८ मधला आवाजाचा आकडा. ग्राफिक्स आणि नेटवर्क दोन्ही घेऊ नका. एक्स्टर्नलना चकचकीत खिडकीपेक्षा "ही हमी दिली, अशी मोजली, इथे मोडते" हे जास्त पटते, आणि तुमच्या हातीही तेच उरते.

१८. दोन उद्दिष्टं एकमेकांच्या आड आली तर?

म्हणून तर क्रम लावला (प्रश्न ४). जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरांतली त्रुटी उघड झाली. यूजर प्रोग्रामला कर्नलची मेमरी वाचता येत होती. लिनक्सने कर्नल आणि यूजर यांची पेज टेबले वेगळी केली आणि प्रत्येक सिस्टीम कॉल महाग झाला. सुरक्षा वर होती, वेग खाली गेला. पण बूट करताना ते बंद करण्याचा पर्यायही ठेवला, कारण जिथे बाहेरचा कोड चालतच नाही तिथे वेग वर असतो. असा पर्याय ठेवताना मूळ स्थिती तुमच्या क्रमाप्रमाणेच असू द्या.

१९. एकदा लोक वापरू लागले की सिस्टीम कॉल बदलता येत नाहीत म्हणतात. मग चूक सुधारायची कशी?

चूक होणारच हे धरून पहिल्याच दिवशी जागा ठेवायची. लिनक्सचा फाइल उघडण्याचा जुना कॉल अनोळखी फ्लॅग दिसला तर तक्रार न करता दुर्लक्ष करतो. त्यामुळे वर्षानुवर्षे काही प्रोग्राम कचरा फ्लॅग पाठवत राहिले, आणि नव्या फ्लॅगला अर्थ द्यायची वेळ आली तेव्हा जुने प्रोग्राम मोडण्याची भीती उभी राहिली. २०२० मध्ये लिनक्स ५.६ ने नवा कॉल आणला. तो अनोळखी फ्लॅगला सरळ नकार देतो आणि माहितीच्या स्ट्रक्चरचा आकारही सोबत मागतो, म्हणजे पुढे त्यात रकाने वाढवता येतात. हे दोन नियम, अनोळखी ते नाकारणे आणि आकार मागणे, तुमच्या प्रत्येक कॉलला लावा.

झिरकॉनने आणखी पुढची वाट धरली आहे. तिथे कॉलचे क्रमांक हे वचनच नाही. प्रत्येक प्रोसेसमध्ये कर्नल स्वतः एक छोटी लायब्ररी बसवतो आणि सगळे कॉल तिच्यातून जातात. क्रमांक बदलले तरी लायब्ररी बदलते, प्रोग्रामला कळतही नाही. नव्याने लिहीत असाल तर हेच करा, कारण नंतर हे करायचे म्हणजे थेट क्रमांक वापरणारा प्रत्येक प्रोग्राम पुन्हा बांधावा लागतो.

अपवाद एकच मानावा: कॉलच्या मूळ अर्थातच सुरक्षेचे भगदाड असेल तर तो मोडायचा. मोडताना जुन्या प्रोग्रामला चुकीचे उत्तर देऊ नका, स्पष्ट एरर द्या.